किडनी प्रत्यारोपणानंतर स्नायू: मोजायचे कसे, टिकवायचे कसे, वाढवायचे कसे

प्रत्यारोपणानंतर वर्षभर घरातल्या सगळ्यांचं लक्ष दोन आकड्यांवर असतं: क्रिएटिनिन किती आलं आणि वजन किती भरलं. क्रिएटिनिन ०.८, वजन डायलिसिसच्या काळातल्या ५२ वरून ५९ किलो, म्हणजे सगळं झकास अशी समजूत होते. पण स्नायूंची झीज झाकून ठेवणारे आकडेही नेमके हेच. वाढलेल्या सात किलोंत बरीचशी चरबी आणि थोडं पाणी असू शकतं. क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, त्यामुळे ते कमी दिसण्याचं कारण किडनी उत्तम चालणं हे असू शकतं, तसंच मुळात स्नायू कमी उरणं हेही असू शकतं. पोट सुटलेलं, गाल गोल झालेले आणि मांड्या मात्र काटकुळ्या, ही मूर्ती प्रत्यारोपणाच्या ओपीडीत नवी नाही.

म्हणून रिपोर्टांच्या फाइलीत स्नायूंसाठी एक वेगळं पान ठेवा. त्या पानावर काय लिहायचं आणि आकडे घसरले तर काय करायचं, ते पुढे दिलं आहे.

स्नायूंवर एवढं काय अवलंबून असतं

स्नायू हा शरीराचा प्रथिनांचा साठा आहे. जंतुसंसर्ग झाला, जखम भरायची असली, चार दिवस जेवण गेलं नाही, की शरीर या साठ्यातून उचल करतं. ज्याचा साठा आधीच रिकामा आहे त्याला साधा न्यूमोनियाही आडवा करतो. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वात जास्त ओढून घेतात तेही स्नायूच, आणि शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस व स्टेरॉइड या दोन्ही औषधांमुळे प्रत्यारोपणानंतर मधुमेह होण्याची शक्यता वाढलेली असतेच. तिसरी गोष्ट पडण्याची: स्टेरॉइडने हाडं ठिसूळ झालेली असताना पायात जोर नसेल, तर न्हाणीघरात पाय घसरण्याचा शेवट खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये होऊ शकतो.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाची शारीरिक दुर्बलता मोजली. हाताची पकड, चालण्याचा वेग, थकवा, वजनातली घट आणि हालचाल असे पाच निकष होते. दुर्बल गटात नवी किडनी उशिरा चालू होणं, घरी सोडल्यावर महिन्याभरात पुन्हा भरती व्हावं लागणं आणि मृत्यू, हे तिन्ही जास्त आढळलं. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटाने चोवीस तासांच्या लघवीतल्या क्रिएटिनिनवरून स्नायूंचा अंदाज घेतला. तिथेही कमी स्नायू असलेल्यांची पुढची वाटचाल वाईट दिसली. यातून स्नायू कमी म्हणून किडनी गेली असं सरळ सिद्ध होत नाही, कारण जो जास्त आजारी असतो त्याचे स्नायूही कमी असतात. तरी धोक्याची खूण म्हणून ही मोजमापं चांगली आहेत, आणि वय किंवा डायलिसिसची वर्षं आपल्याला बदलता येत नाहीत, स्नायू बदलता येतात.

स्नायू कमी आहेत म्हणून प्रत्यारोपण नको, असा याचा अर्थ घेऊ नका. हॉपकिन्सच्याच पाहणीत शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात दुर्बलता वाढली आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत ती आधीपेक्षाही कमी झाली. पहिल्या महिन्यातली घसरण अपेक्षितच असते. काळजी करायची ती तीन महिने उलटले तरी सुधारणा दिसत नसेल तर.

झीज कुठून सुरू होते

सुरुवात शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी झालेली असते. हिमोडायलिसिसच्या एका बैठकीत साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं वाहून जातात, पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिनं जातात. रक्तातली आम्लता स्नायूंचं विघटन वाढवते. त्यात डायलिसिस सुरू होण्यापूर्वी सांगितलेलं ‘डाळ बंद, दूध बंद’ हे पथ्य डायलिसिसवर गेल्यावरही घरात तसंच चालू राहतं. तेव्हा गरज नेमकी उलटलेली असते.

प्रत्यारोपणानंतर मुख्य कारण स्टेरॉइड. शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस दिले जातात, पुढे प्रेडनिसोलोन कमी करत बहुतेक ठिकाणी रोज ५ मिलिग्रॅमच्या आसपास आणतात. स्टेरॉइड स्नायूंत प्रथिनं तोडणारी यंत्रणा जागी करतं आणि नवी प्रथिनं बांधणं मंदावतं. त्याचा मारा बसतो तो झटकन जोर लावणाऱ्या तंतूंवर, खुर्चीतून उठताना किंवा जिना चढताना लागणाऱ्या. सपाटीवर सहज चालणारा माणूस बसच्या पायरीपाशी अडतो तो म्हणूनच. रिजेक्शन झालं, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारू लागलं, की तीन दिवस पुन्हा मोठे डोस, म्हणजे पुन्हा फटका.

तिसरं कारण घरातली माया. ‘आता काही करू नकोस, नुसता आराम कर.’

पायरी पहिली: मोजणी

पुढची चार मोजमापं घरी होतात. दर महिन्याला त्याच वेळी, शक्यतो सकाळी, त्याच खुर्चीवर आणि त्याच टेपने करा. इथे दिलेल्या मर्यादा आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या आहेत. आपल्या बांध्याला त्या युरोपीय मर्यादांपेक्षा जवळच्या.

पोटरीचा घेर. खुर्चीत बसून पाय जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. पोटरीच्या सर्वात जाड जागी टेप लावा, मांस दबेल इतका आवळू नका. दोन्ही पायांचा घ्या आणि मोठा आकडा लिहा. पुरुषांत ३४ सेंमीपेक्षा कमी, स्त्रियांत ३३ सेंमीपेक्षा कमी असेल तर झीज असण्याची शंका घ्यावी. आधी नडगीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून बघा. खळगा पडत असेल तर पायाला सूज आहे, त्या दिवशीचा घेर लिहूच नका. सुजेने घेर वाढतो आणि फसगत होते.

खुर्चीतून पाच वेळा उठणं. बसायची उंची ४३ ते ४५ सेंमी, खुर्ची भिंतीला टेकवलेली, हात छातीवर फुलीसारखे. ‘सुरू’ म्हटल्यापासून पाचव्यांदा पूर्ण उभं राहीपर्यंतची वेळ फोनवर मोजा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांचा जोर कमी. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर तेच लिहा, वेळ मोजत बसू नका. चारांतलं एकच मोजमाप करणार असाल तर हे करा.

चालण्याचा वेग. गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये ६ मीटरवर खडूने दोन खुणा करा. पहिल्या खुणेच्या मीटरभर मागून नेहमीच्या चालीने निघा, दुसऱ्या खुणेच्या पुढे जाऊन थांबा आणि मधल्या ६ मीटरची वेळ घ्या. ६ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली आहे.

हाताची पकड. यासाठी डायनॅमोमीटर लागतो. फिजिओथेरपी विभागात तो असतो, ऑनलाइनही मिळतो. पुरुषांत २८ किलो, स्त्रियांत १८ किलोच्या खाली म्हणजे कमी. फिस्टुलाचा (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेला) हात सोडून दुसऱ्या हाताची पकड घ्या, आणि दर वेळी तोच हात वापरा.

मशीनवरच्या मोजण्यांबद्दल थोडं. जिममध्ये किंवा शिबिरात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने शरीराची घडण सांगणारं यंत्र असतं, ते अंगातल्या पाण्यावरून हिशेब करतं. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत आणि डायलिसिसच्या आधी त्याचा आकडा निरुपयोगी समजा. हाडांची घनता पाहणारा डेक्सा स्कॅन बहुतेकांचा कधीतरी होतोच, त्याच यंत्रावर हातापायांच्या स्नायूंचं प्रमाणही निघतं, फक्त तसं आधी सांगावं लागतं. आणि शस्त्रक्रियेआधी पोटाचा सीटी झालेला असेल तर कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर स्नायूंचं क्षेत्रफळ त्यातूनच मोजता येतं. नवा स्कॅन, नवा खर्च लागत नाही.

क्रिएटिनिनची फसगत

बारीक अंगाची, ६० वर्षांची स्त्री, क्रिएटिनिन ०.८. नेहमीच्या सूत्राने तिची ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, ८४ च्या आसपास येते. पण हे सूत्र त्या वयाच्या सरासरी स्नायूंवर बेतलेलं आहे. तिचे स्नायू त्याहून बरेच कमी असतील तर खरी गाळण्याची क्षमता कमी असते आणि कागद ते सांगत नाही. याचा पहिला त्रास औषधांच्या डोसात होतो. सीएमव्ही विषाणूसाठीचं व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर किडनीच्या क्षमतेनुसार देतात. क्षमता जास्त धरली की डोस जास्त पडतो आणि पांढऱ्या पेशी घसरतात. दुसरा त्रास उशीर होण्याचा: ०.८ वरून १.१ झालं तरी ‘नॉर्मलमध्येच आहे’ म्हणून कुणी थांबत नाही, जेव्हा त्या अंगकाठीला ही वाढ मोठी असते.

सिस्टॅटिन सी ही तपासणी स्नायूंवर अवलंबून नसते, म्हणून बारीक रुग्णांत ती उपयोगी पडते. मात्र स्टेरॉइड आणि थायरॉइडचे विकार तिचा आकडा हलवतात, हे डॉक्टरांनी लक्षात घ्यावं लागतं. सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित तपासणी म्हणजे चोवीस तासांची लघवी. प्रत्यारोपणानंतर प्रोटीनसाठी ती अनेकदा गोळा होते. त्याच डब्यात क्रिएटिनिन आणि युरिया मोजून घेतलं की दोन गोष्टी हाती लागतात.

गोळा करताना सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहा. तिथून पुढची प्रत्येक डब्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली लघवी डब्यात घेऊन थांबा. एकदा जरी विसरलं तर हिशेब चुकतो. आदल्या दिवशी मटणाचा बेत ठेवू नका, शिजलेल्या मांसातून क्रिएटिनिन वाढतं.

आता हिशेब. दिवसभराचं क्रिएटिनिन भागिले वजन. तरुण पुरुषांत किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, स्त्रियांत १५ ते २० अपेक्षित असतं, आणि वयाबरोबर ते उतरतं. ६० किलोच्या पुरुषात १२०० मिलिग्रॅम आलं म्हणजे किलोमागे २०, ठीक. ७०० आलं म्हणजे १२ च्याही खाली: एकतर लघवी पूर्ण गोळा झाली नाही किंवा स्नायू खरंच कमी आहेत. डबा पुन्हा द्या. दुसऱ्यांदाही तेच आलं तर उत्तर मिळालं.

युरियावरून कळतं की तुम्ही खरोखर किती प्रथिनं खाता. समजा दिवसाची लघवी अडीच लिटर आणि युरिया डेसिलिटरला ६८० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १७ ग्रॅम युरिया. त्याला २.१४ ने भागा, ७.९ ग्रॅम नायट्रोजन. त्यात वजनाच्या ०.०३१ पट मिळवा (६० किलोला १.९), झाले ९.८. याला ६.२५ ने गुणा: ६१ ग्रॅम प्रथिनं, किलोमागे एक ग्रॅम. अंदाजाने ‘भरपूर खातो’ म्हणण्यापेक्षा हे बरं. एक अट आहे: ताप, रिजेक्शनचा उपचार किंवा वजन झपाट्याने उतरत असण्याच्या दिवसांत हा आकडा खाल्लेल्या नव्हे तर तुटणाऱ्या प्रथिनांचाही असतो, तेव्हा तो वापरू नका.

उलटी फसगतही होते. सहा महिने नेटाने व्यायाम केला, मांड्या भरल्या आणि क्रिएटिनिन ०.९ वरून १.० झालं, की घरात घबराट. वाढ किडनीमुळे की स्नायूंमुळे हे लघवीतलं प्रोटीन, टॅक्रोलिमसची पातळी, सिस्टॅटिन सी पाहून डॉक्टर ठरवतील. तुमच्या मोजमापांचं पान समोर असेल तर त्यांना ते सोपं जातं. ‘जिममुळेच असेल’ असं मात्र स्वतः ठरवू नका.

शस्त्रक्रियेच्या आधीचे आठवडे

आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत, नात्यातल्या दात्याकडून होतात. याचा एक फायदा कुणी फारसा वापरत नाही: तारीख आधी ठाऊक असते. समितीच्या परवानग्या आणि दात्याच्या तपासण्यांत दीड-दोन महिने सहज जातात, आणि पायांना जोर आणायला तेवढे पुरेसे आहेत. मेंदुमृत दात्याच्या किडनीसाठी मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समितीच्या यादीत नाव असेल तर थांबणं वर्षांचं असतं आणि फोन मध्यरात्रीही येऊ शकतो. त्या मंडळींनी कायमच तयारीत राहायचं.

या काळात डायलिसिसवरच्या रुग्णाला किलोमागे १.० ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. डायलिसिसच्या बैठकीचा डबा भरून न्या. दोन उकडलेली अंडी किंवा पनीरची पोळी चालते, फक्त बैठकीत रक्तदाब उतरत असेल तर आधी नर्सला विचारा. रक्तातलं बायकार्बोनेट २२ च्या खाली, म्हणजे आम्लता वाढलेली, असेल तर त्यावर उपचार करून घ्या. डायलिसिस नसलेल्या दिवशी अर्धा तास चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून उठबस. फिस्टुलाचा हात वापरायला हरकत नाही. त्यावर रबरी पट्टा गुंडाळणं, कोपराच्या घडीत पिशवी अडकवणं आणि रक्तदाबाचा पट्टा बांधणं, हे तेवढं टाळायचं.

जेवण: पहिले सहा आठवडे आणि नंतर

शस्त्रक्रियेनंतर पहिले ४ ते ६ आठवडे, स्टेरॉइडचे डोस मोठे आणि जखम ओली असताना, किलोमागे १.३ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोला ७८ ते ९०. किडनी स्थिर झाली की ०.८ ते १.० ग्रॅमवर यायचं. कायम जास्त खाऊन नव्या किडनीवर भार टाकण्याचं कारण नाही. वजन जास्त असेल तर कोणतं वजन धरायचं ते आहारतज्ज्ञ सांगतील.

पथ्याचा डायलिसिसच्या काळातला कागद फ्रिजवरून काढून टाका. त्या वेळी फॉस्फरस वाढलेला असायचा. नवी किडनी चालू झाली की पहिल्या आठवड्यांत तो उलट खाली जातो आणि स्नायू लुळे पडल्यासारखे वाटतात. दूध, दही, कडधान्यं आता उपयोगाची. घरात उरलेल्या, फॉस्फरस कमी करणाऱ्या सेव्हेलेमर किंवा कॅल्शियम ॲसिटेटच्या गोळ्या सवयीने चालू राहिल्या तर फॉस्फरस आणखी खाली जातो. सेव्हेलेमरमुळे मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचं शोषणही घटतं. घरी येताना प्रत्येक जुन्या गोळीबद्दल ‘ही चालू की बंद’ हे लिहून घ्या.

आता स्वयंपाकघरातले आकडे, गोळाबेरीज. एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात साडेसहा, १५० ग्रॅम दह्यात ५, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९. घट्ट वरणाच्या वाटीत ६, पातळ आमटीत त्याच्या निम्मं. चपाती ३, ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी ५. कोरड्या २५ ग्रॅम सोया वडीत १३, कोरड्या ४० ग्रॅम मटकीत ९. १०० ग्रॅम चिकन किंवा मासळीत १८ ते २२.

महाराष्ट्रातल्या जेवणात गळती होते ती न्याहारीला. कांदेपोहे, उपमा, साबुदाणा खिचडी: बशीभर खाऊन चार-पाच ग्रॅम हाती. सगळी प्रथिनं रात्रीच्या ताटात कोंबण्यापेक्षा दर जेवणात २० ते २५ ग्रॅम आली तर स्नायूंना ती जास्त लागू पडतात. शाकाहारी माणसाचा ८५ ग्रॅमच्या आसपासचा दिवस असा बसतो: सकाळी ५० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी आणि पेलाभर दूध. दुपारी दोन चपात्या, घट्ट वरण, दही आणि भाजीत ५० ग्रॅम पनीर. चार वाजता मूठभर फुटाणे आणि ताक. रात्री भाकरी, मटकीची उसळ, सोयाची भाजी, झोपताना दूध. सहा आठवड्यांनंतर यातलं पनीर आणि सोया दोन्ही वगळलं तर दिवस ६० ते ६५ च्या दरम्यान येतो.

प्रथिनांबरोबर पोटभर ऊर्जाही हवी, नाहीतर प्रथिनंच जळणात जातात. किलोमागे ३० ते ३५ कॅलरी धरा. ती मैदा आणि साखरेतून नको, कारण भूक स्टेरॉइडने वाढलेलीच असते.

सावधगिरी मोजकी, पण पक्की. मोड आलेली कडधान्यं कच्ची खायची नाहीत, उसळ नीट शिजवून. कच्चं किंवा अर्धकच्चं अंडं नाही, न उकळलेलं दूध नाही. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद, ती टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. पोटॅशियम चढं असेल (टॅक्रोलिमस आणि जंतुसंसर्ग टाळण्यासाठीची सेप्ट्रान दोन्हींनी ते चढतं) तर शहाळं बंद, आणि कडधान्य भिजवून, उकळून, पाणी ओतून मग फोडणीला. ‘ताकदीसाठी’ म्हणून अश्वगंधा, गुळवेल, कुठलंही चूर्ण नको: प्रतिकारशक्ती चाळवणारी वस्तू इथे शत्रू आहे, आणि या दोन्हींनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. क्रिएटिनची पावडर क्रिएटिनिन वाढवून सगळ्यांना घोळात घालते. व्हे प्रोटीन जेवण जात नसेल तेव्हा डॉक्टरांना विचारून चालतं, सुट्या डब्यातलं घेऊ नका.

उपास करणाऱ्यांसाठी: टॅक्रोलिमसच्या बारा तासांच्या वेळा आणि जेवणाशी त्यांचं ठरलेलं अंतर मोडता कामा नये. एकादशी सोडवतच नसेल तर साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, पनीर, शेंगदाणे.

व्यायाम, आठवड्यांच्या हिशेबाने

स्वित्झर्लंडमध्ये १९८५ च्या एका अभ्यासात प्रेडनिसोन घेणाऱ्या किडनी प्रत्यारोपित रुग्णांच्या मांड्यांना ५० दिवस जोराचा व्यायाम दिला, आणि स्टेरॉइडने झालेली झीज भरून आली. म्हणजे गोळी चालू असतानाही स्नायू परत येतात. नुसत्या चालण्याने मात्र नाही. चालणं हृदयासाठी आणि साखरेसाठी. मांडीसाठी वजनाविरुद्ध जोर लावावाच लागतो.

पहिला आठवडा, रुग्णालयात. दुसऱ्या दिवशी बहुधा पलंगाच्या कडेला बसवतात. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताने रेटा द्यायचा. खोकताना जखमेवर उशी धरायची. दर तासाला पायाचे पंजे वरखाली २० वेळा.

घरी आल्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत. पाच मिनिटं चालणं, दिवसातून चार वेळा. दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवत सलग अर्धा तास गाठायचा. उंच खुर्चीतून उठबस ५ वेळा, दिवसातून दोनदा. ओट्याला धरून टाचा उचलणं १० वेळा. चार-पाच किलोंच्या वर काहीही उचलायचं नाही: भरलेली बादली १५ किलोंची असते, भरलेला सिलिंडर तिसाच्या आसपास, दोन वर्षांचं नातवंड बारा. स्कूटरची किक नाही. पोटावर ताण आला तर टाक्यांच्या जागी हर्निया होतो, आणि नवी किडनी तिथेच, ओटीपोटात खाली बसवलेली असते. आतली डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवलेली नळी) असेपर्यंत जास्त हालचालीने लघवी थोडी लालसर होऊ शकते. झाली तर कळवा.

सातव्या ते बाराव्या आठवड्यात, सर्जनने जखम पाहून परवानगी दिल्यावर, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड: खुर्चीतून उठबस, भिंतीवर हात टेकवून दंड, पायरी चढउतार, टाचा उचलणं, दाराच्या कडीला अडकवलेला रबरी पट्टा मागे ओढणं, आणि अर्ध्या-एक लिटरच्या बाटल्यांनी कोपर वाकवणं. प्रत्येक ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन दमवणारे वाटले पाहिजेत, पण श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप सुटतो. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी १२ सहज झाले की पायरी वाढवायची: बाटली मोठी, खुर्ची बुटकी, पट्टा जाड. बहुतेक जण इथे चुकतात. तीच अर्ध्या लिटरची बाटली सहा महिने उचलत राहतात आणि ‘व्यायामाने काही होत नाही’ म्हणतात.

तीन महिन्यांनंतर खरी वजनं, सायकल, पोहायचं असल्यास जखम पूर्ण भरल्यावर आणि स्वच्छ तलावात. एकूण आठवड्याला १५० मिनिटं मध्यम चालणं अधिक दोन-तीन दिवस जोराचा व्यायाम. कबड्डी, कुस्ती, कराटे वर्ज्य, कारण किडनीला बरगड्यांचं कवच नाही. कपालभाती, नौली, मयूरासन आणि पोट दाबणारी आसनं नकोत. सूर्यनमस्कार फिजिओथेरपिस्टला दाखवून.

ताप, बसल्या जागी १८०/११० च्या वर रक्तदाब, छातीत दुखणं, किडनीच्या जागी दुखणं, लघवी कमी होणं किंवा अंगावर अचानक सूज, यांत व्यायाम बंद आणि फोन चालू. बायोप्सीनंतर आठवडाभर जोर लावायचा नाही. रिजेक्शनच्या उपचारात हळू चालणं पुरे. अशा प्रत्येक खंडानंतर एक टप्पा मागे येऊन सुरुवात करा, जिथे सोडलं तिथून नव्हे.

सगळं करूनही जोर येत नसेल तर

स्टेरॉइडच्या अशक्तपणाची खूण म्हणजे तो दुखत नाही. मांड्या आणि खांदे कमजोर, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठवत नाही, केस विंचरताना हात गळतो, पण सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल. दुखत असेल आणि सीपीके वाढलेलं असेल तर औषधांची यादी तपासा: सायक्लोस्पोरिनबरोबर (टॅक्रोलिमसच्या जातीचंच औषध) कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन किंवा गाउटसाठीचं कोल्चिसिन ही जोडी स्नायू जाळू शकते. लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. घशासाठी बाहेरच्या डॉक्टरांनी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन आणि काही स्टॅटिन अशा सगळ्यांची पातळी चढवतं, म्हणून कुठलंही नवं औषध घेण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला विचारा.

त्याखेरीज एका रक्तनमुन्यात बघून घेण्यासारखं: फॉस्फरस, मॅग्नेशियम (टॅक्रोलिमसने उतरतं), पोटॅशियम, बायकार्बोनेट, ‘ड’ जीवनसत्त्व, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे ऊन असूनही सर्रास सापडते. मॅग्नेशियमची गोळी आणि मायकोफेनोलेट एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास ठेवा.

स्टेरॉइड स्वतःच्या मनाने कमी करणं मात्र सर्वात महागात पडतं. रिजेक्शनचा धोका वाढतोच, शिवाय महिनोन्महिने गोळी घेतल्याने शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बनणं थंडावलेलं असतं, एकदम बंद केल्यावर रक्तदाब कोसळू शकतो. डोस कमी करता येईल का हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे, निर्णय पातळ्या आणि बायोप्सी पाहून नेफ्रॉलॉजिस्टचा.

ओपीडीला जाताना स्नायूंचं पान वरच ठेवा: तारीख, वजन, सूज आहे की नाही, पोटरी, पाच उठबशांची वेळ, सहा मीटरची वेळ, पकड, त्या महिन्यातला प्रेडनिसोलोनचा डोस. तपासणीला मिळतात पाच-सात मिनिटं. ‘अशक्त वाटतं’ याला उत्तर ‘हळूहळू येईल ताकद’ हेच मिळतं. ‘उठबशांना दोन महिन्यांपूर्वी ११ सेकंद लागायचे, आता १६ लागतात, डोस तोच आहे’ असं सांगितलं, की फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी आणि रक्ततपासणी दोन्ही त्याच दिवशी लिहून मिळतात.